दाराची मोरी

राजय्याच्या उजव्या कानावर कायम सुताची एक वात असायची. नवीन माणसाला ती विडी वाटायची. "अण्णा, एक आपल्याला बी द्या की," म्हणून हात पुढं करणारी गिऱ्हाइकं मी कितीतरी बघितली. राजय्या ती वात काढून त्यांच्या हातावर ठेवायचा, "ओढा" म्हणायचा, खिशातली दुसरी वात काढून कानावर ठेवायचा आणि कामाला लागायचा. हसायचा नाही.

गाडीच्या फटी बुजवणं हे त्याचं काम. गाडीचं अंग म्हणजे नुसते पत्रे. पत्र्याला पत्रा जिथं भेटतो तिथं फट राहते. जुन्या गाडीत ती करंगळीएवढीसुद्धा असते. तिथून पाणी शिरतं, धूळ शिरते, मग गंज धरतो. डेंटर पत्रा ठोकून सरळ करतो, पेंटर रंग मारतो, आणि या दोघांच्या मधे राजय्या. दुसरीकडं हे काम डेंटरच जाता जाता उरकतो. सोलापुरात अक्कलकोट रस्त्याला सलीमभाईच्या गॅरेजात तेवढा त्यासाठी वेगळा माणूस होता, आणि तो होता म्हणून लांबलांबच्या जुन्या गाड्या तिथं यायच्या.

पेंटर मी होतो. मी मोहोळकडचा, शाळा चौथीपर्यंत. लिहिणं हा माझा धंदा नाही. पण आता त्या गॅरेजात नवीन पोरं आलीत, ती सांगतात की राजय्या चांगला होता, पण शेवटच्या गाडीत म्हाताऱ्याचा हात चुकला. चुकला नव्हता. चुकीचं ऐकून गप बसणं मला जमत नाही. एकदाच बसलो होतो, तेही खाली येईलच.

राजय्या मूळचा मागावरचा. घरात तेलुगू, बाहेर मराठी, सलीमभाईशी सलीमभाईची दखनी. शहराच्या पूर्व भागात चादरीच्या एका कारखान्यात तो माग चालवायचा. वर छप्पर पत्र्याचं. पावसाळ्यात पत्रा गळायचा आणि थेंबाबरोबर गंज उतरून चादरीवर तांबडा डाग पडायचा. मालक रोज आभाळाला शिव्या द्यायचा. एके दिवशी राजय्यानं माग बंद केला, सुताचा गुंडा घेतला आणि छपरावर चढला. राळ, अळशीचं तेल आणि खडूची भुकटी कालवून त्यात सूत भिजवलं आणि पत्र्यावर पत्रा चढतो त्या जागी नखानं दाबत गेला. डाग थांबले. मग शेजारचा कारखाना, मग त्याच्या शेजारचा. पुढं माग बंद पडत गेले तेव्हा इतर लोक भिवंडीला गेले, सुरतेला गेले. हा सलीमभाईच्या घराचा पत्रा बुजवायला आला आणि अंगणात उभ्या जीपकडं बघून म्हणाला, "ही बी गळत असंल की."

छपराची ही हकीकत त्यानं मला जेवताना सांगितली होती. मी विचारलं, "सगळ्या कडा बुजवल्यास व्हय अण्णा?"

"वरच्या. खालची मोकळी सोडायची."

"का?"

"पाटंच्या गारव्यात पत्र्याला आतनं घाम सुटतोय बे. त्यो घाम कुटं जाणार?"

मी त्याच्या डब्यातली पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी खात होतो. भाजी आंबट आणि झणझणीत होती. भाजी लक्षात राहिली, घाम विसरलो.

पुढं फटी बुजवायचा तयार मसाला नळीतून यायला लागला. राजय्यानं हट्ट केला नाही, राळ-तेल सोडून नळी घेतली. सूत मात्र सोडलं नाही. आधी फटीत सुताची वात बसवायची, तिच्यावर मसाला ओढायचा. नुसता मसाला भरला तर वर्षात तडकतो, आत सूत असलं की ते धरून ठेवतं, असं तो म्हणायचा. खरं असावं. त्याची बुजवलेली फट उघडलेली मी पाहिली नाही.

काम सकाळी. सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. अकरा वाजता पत्र्यावर हात ठेवला तर हाताला फोड येतो. तापलेला पत्रा फुगतो, फट बारीक होते. दुपारी भरलेली फट दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रा आक्रसला की कडेनं सुटते. म्हणून राजय्या उजाडता उजाडता सायकलवरून यायचा, दहापर्यंत फटी भरायचा आणि नंतर दिवसभर वाती वळत बसायचा. बसायचा ते माझ्या रंगाच्या रिकाम्या डब्यावर. गाडीत कधीच नाही. ज्या गाडीच्या एकेका सांध्यावरून त्याचं बोट फिरलेलं असायचं त्या गाडीच्या सीटवर तो टेकलासुद्धा नाही. एकदा मी म्हणालो, "बस की जरा, मऊ हाय." तर म्हणाला, "ते बसणाऱ्याचं हाय."

सगळं गॅरेज काळं, आणि हा पांढरा सदरा, पांढरा पायजमा. संध्याकाळी सदरा तेवढाच पांढरा. ते त्याला कसं जमायचं मला कळलं नाही. मी तर टोपीपर्यंत रंगलेला असायचो.

गिऱ्हाईक विचारायचं, "अण्णा, झालं का?"

"वाळलालंय."

म्हणजे अजून वाळतंय. चार दिवसांनी विचारलं तरी "वाळलालंय", आठ दिवसांनी विचारलं तरी तेच. सलीमभाई चिडायचा. "अण्णा, क्या बोलरे तुम? हप्ता हो गया, सिमेंट भी सूख जाता!" राजय्या वात वळत म्हणायचा, "सिमेंट भरता तो सूख जाता."

सगळं वाळलं की परीक्षा. ही राजय्याची स्वतःची रीत होती आणि तिच्यापुढं सलीमभाईचंही चालायचं नाही. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. पाण्याचा दिवस बघून मालकाला निरोप जायचा : धुतलेले पांढरे कपडे घालून या. मालक आला की त्याला गाडीत बसवायचं, काचा वर करायच्या आणि बाहेरून पाइपानं पाणी मारायचं. पाव तास. खाली घमेली लावून पाणी परत धरायचं, वाया घालवायचं नाही. आत मालक कोरडा राहिला तर काम झालं.

एकदा एक डॉक्टर आला. मोठा माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट. म्हणाला, "मी बसू आत? आणि गळलं म्हणजे?"

"म्हणूनशान तर बसायचं," राजय्या म्हणाला.

डॉक्टर बसला. पाणी मारलं. शेवटी शेवटी त्याच्या डाव्या खांद्यावर एक थेंब पडला. एकच. डॉक्टर उमदा माणूस, बाहेर येऊन हसला. "एका थेंबाचं काय एवढं? चालतंय हो."

राजय्या त्याच्या खांद्याकडं बघत होता. "डॉक्टरसायेब, पोट शिवताना एक टाका सोडला तर चालतंय का?"

राजय्यानं टपावरची सगळी फट उकरून काढली आणि पुन्हा भरली. आठ दिवस गाडी वाळत होती.

आमच्या दोघांचं भांडण ठरलेलं असायचं. मी म्हणायचो, "अण्णा, लोक माझा रंग बघून मान हलवतात. तुझं काम माझ्या रंगाखाली गेलं, कुणाला दिसतंय?" तो म्हणायचा, "दिसलं तर ते काम न्हाय बे." मला राग यायचा, कारण माझं सगळं दिसण्यावरच होतं. डाव्या हातानं फवारा मारून मी दारावर जी चमक आणायचो ती सोलापुरात दुसऱ्या कुणाची येत नव्हती. आजही येत नाही.

आता त्या शेवटच्या गाडीचं.

अकलूजचे बापूसाहेब म्हणून एक बागायतदार. साठीचे, बोलायला मोकळे. त्यांच्या वडिलांची एक पिकअप होती, विलायती बनावटीची, गोल नाकाची, मागं लाकडी फळ्यांचा हौदा. वडील तिच्यातून उसाचं बेणं आणि दुधाच्या किटल्या न्यायचे. नंतर ती गोठ्याशेजारी पाचटाखाली पडली. आमच्याकडं ओढून आणली तेव्हा सीटखाली कोंबडीनं अंडी घातलेली होती. बापूसाहेबांना ती पुण्याला जुन्या गाड्यांच्या मेळ्यात न्यायची होती. स्वतः चालवत. अकलूजचा माणूस एरवी पुण्याला सरळ गेला असता, पण ही सोलापुरातून निघणार, मोहोळ, मोडनिंब करत हायवेनं जाणार आणि वाटेत पाहुण्यांच्या दारात उभी राहणार, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

राजय्या तेव्हा सत्तरीच्या पुढं गेला होता. हात थरथरायला लागला होता. चहाचा कप बशीत वाजायचा. सलीमभाईनं नळीची बंदूक आणली होती, घोडा दाबला की मसाला आपोआप येतो. ती डेंटरच्या हातात देऊन हे काम उरकायचं त्याच्या मनात होतं. राजय्याला तो सरळच म्हणाला, "अण्णा, ये गाडी में कुछ बी गडबड हुई ना, तो फिर आराम करो तुम. अच्छी गई तो मैं कुछ नै बोलता."

"हौ," राजय्या म्हणाला. तेवढंच.

त्या गाडीवर त्यानं महिनाभर काम केलं. डेंटरनं दारांचे खालचे पत्रे पूर्ण नवीन घातले होते, कारण जुने गंजून चाळणी झाले होते. राजय्या पाठीवर झोपून एकेक सांधा करत होता. हात हवेत असला की थरथरायचा, पण वात फटीत शिरली की थांबायचा. मी हे बघत होतो. सलीमभाईपण बघत होता.

मग मी रंगाची तयारी करायला लागलो. टपाच्या पन्हळीत बोटभर जागा उघडी राहिलेली मला दिसली. ती खरंच सुटली होती. मी कुणाला न सांगता भरली. दुसऱ्या दिवशी राजय्या तिथून बोट फिरवत गेला, थांबला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "बरं केलास." मला बरं वाटलं. आणि मला वाटलं की आता हे आपल्यालाच बघावं लागणार.

दोन दिवसांनी दारांच्या तळाशी कागद चिकटवताना दिसलं की खालच्या दुमडीत प्रत्येक दाराला दोन ठिकाणी फट उघडी आहे. दोन-दोन बोटं रुंद. मी म्हणालो, गेलं. म्हाताऱ्याचा डोळा गेला. सलीमभाईनं बघितलं तर संपलं. राजय्या घरी गेला होता. मी मसाला घेतला, चारही जागा भरल्या, बोटानं साफ केल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यावर रंग मारला. हिरवा, गडद, वडिलांच्या वेळचा. असा रंग मी पुन्हा मारला नाही.

परीक्षेच्या दिवशी बापूसाहेब पांढरी टोपी, पांढरा शर्ट, पांढरं धोतर घालून आले. "अण्णा, लग्नात बी एवढा पांढरा नव्हतो," म्हणाले आणि मोबाईल घेऊन आत बसले. आतून चित्रण करणार होते. पाइप मी धरला. टपावर, काचांवर, दारांवर, सगळीकडून पाणी मारलं. सगळे लोक काचेतून आत बघत होते. राजय्या एकटा दाराशी उकिडवा बसून खाली बघत होता.

पाव तासानं पाणी बंद केलं. बापूसाहेब बाहेर आले. दोन्ही हात पसरून गोल फिरले. कोरडे ठणठणीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सलीमभाईनं राजय्याच्या पाठीवर थाप मारली. "क्या बात है अण्णा!"

राजय्या उठला नाही. त्यानं दाराच्या तळावरून बोट फिरवलं. मग बोटाच्या पेरानं दार वाजवलं. वरच्या बाजूला टण्ण आवाज आला, खाली डब्ब.

"पेंटर," तो म्हणाला, "हितं काय केलास का बे तू?"

सगळे माझ्याकडं बघत होते. बापूसाहेब, सलीमभाई, डेंटर. नुकतंच सगळ्यांनी माझ्या रंगाचं कौतुक केलं होतं.

"न्हाय," मी म्हणालो. "रंग मारला तेवढाच."

राजय्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान वळवली.

"गाडी आज जात न्हाय."

"अहो अण्णा!" बापूसाहेब म्हणाले. "उद्या पुण्यात पोचायचंय मला. पाहुण्यांना निरोप गेलेत. एक थेंब आत आला नाही, अजून काय पाहिजे?"

"आला न्हाय. पर गेला बी न्हाय."

"म्हणजे?"

"काचेच्या कडेनं दाराच्या पोटात पाणी जातंयच सायेब. ते कोण आडवणार? ते खालनं जायाला पायजे. म्हणून मोरी ठेवायची. तुमच्या न्हाणीला मोरी नसली तर काय हुईल? ह्या दाराला मोरी न्हाय. पाणी आत उभं हाय. चार पावसाळ्यात दार खालनं गळून पडंल."

सलीमभाईचा चेहरा बदलला. "तो मोरी रखनी थी ना अण्णा. बंद किसने करी?"

मी पाइप गुंडाळत होतो. पाइप गुंडाळून झाला होता, तरी गुंडाळत होतो.

राजय्यानं आपला उजवा हात समोर धरून बघितला. तो थरथरत होता. "माज्याकडनंच झालं असंल," म्हणाला.

मग त्यानं टोचा आणि हातोडी आणली आणि दाराखाली आडवा झाला. "अहो, रंग! ताजा रंग!" असं बापूसाहेब ओरडत होते. राजय्यानं टोचा लावला आणि ठोकला. हिरव्या रंगाचे टवके उडाले, मागून पाणी आलं. करंगळीएवढी धार. पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर, छातीवर. त्याचा सदरा खराब झालेला मी पहिल्यांदा बघितला. चारही मोऱ्या उघडेपर्यंत खालचं घमेलं निम्मं भरलं होतं.

बापूसाहेबांचा चेहरा उतरला होता. मी ब्रशनं कडा रंगवून दिल्या. दुसऱ्या दिवशी गाडी गेली तेव्हा त्या कडा ओल्याच होत्या. जाताना बापूसाहेब सलीमभाईला बाजूला घेऊन म्हणाले, "म्हाताऱ्याचं वय झालं हो. आता बास करा." ते मला ऐकू आलं, म्हणजे राजय्यालाही आलं असणार. तो तिथंच डब्यावर बसला होता.

त्याच आठवड्यात बंदूक डेंटरच्या हातात गेली. राजय्यानं उरलेल्या वाती एका पिशवीत भरल्या, पिशवी सायकलला अडकवली. मी त्याला चहा घेऊन जा म्हणालो. "असू दे," म्हणाला आणि गेला.

मी का बोललो नाही, हे कुणालाही मला विचारता आलं असतं, पण विचारणारं कुणी नव्हतं. माझी चूक कुणी काढलेली मला चालत नाही. मी स्वतः काढलेलीही चालत नाही. त्यात आणखी काही नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर बापूसाहेब गाडी घेऊन आले. हौद्याला कुठं तरी खरचटलं होतं. आल्या आल्या म्हणाले, "सलीमभाई, तो अण्णा कुठं आहे? त्याला भेटायचंय."

"आराम करते अब. क्या हुआ?"

"अहो, मोडनिंबचा माझा एक दोस्त आहे. त्यानं त्याच सुमाराला त्याची जुनी गाडी दुसरीकडं करून घेतली. चकाचक. एका पावसाळ्यात दारं खालून फुगली, रंग पापुद्र्यासारखा निघतोय. माझी धुवायला काढली की दारातून चार धारा लागतात आणि दोन मिनिटांत कोरडी. मी त्या दिवशी उगीच तोंड पाडलं. अण्णानं स्वतःची चूक स्वतः फोडली, असा माणूस कुठं मिळतो?"

"वो तो सही है," सलीमभाई म्हणाला, "पर गलती तो उनकीच थी ना."

मी हौद्याजवळ उभा होतो. हातात पॉलिशपेपर होता. मी म्हणालो, "मी बुजवली होती."

"क्या?"

"मोरी. अण्णानं मोकळी ठेवली होती. मला वाटलं सुटली. मी भरली."

"क्या बोलरा तू?"

"मराठीत बोललालोय की. मी भरली. त्यानं विचारलं तेव्हा न्हाय म्हणालो."

बापूसाहेबांनी माझ्या हातातला पॉलिशपेपर काढून घेतला आणि गाडीचं दार उघडलं. "बसा. घर दाखवा त्याचं."

पूर्व भागातली गल्ली. नेमका पाण्याचा दिवस होता. दारोदारी घागरी, बादल्या, पाइप. राजय्या उंबऱ्यात बसून वाती वळत होता. आता त्या देवाच्या दिव्यासाठी होत्या, पण वळायची तऱ्हा तीच. कानावर एक होतीच. गाडी बघून तो उठला, पण आमच्याकडं आला नाही. दाराशी जाऊन खाली वाकला आणि मोरीत करंगळी घातली.

मी म्हणालो, "अण्णा, ती मी बुजवली होती."

"म्हाईत हाय."

"कसं?"

"मसाला डावीकडनं ओढल्याला हुता. गॅरेजात डावखुरा कोण हाय बे दुसरा?"

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

तो करंगळी पुसत होता. "इचारलं की तुला. तू न्हाय म्हणलास. आनि काय इचारू?"

बापूसाहेबांनी मग हट्टच धरला. "अण्णा, तुम्ही सगळ्यांना आत बसवलं. आज तुम्ही बसायचं. कपडे तुमचे पांढरेच आहेत." राजय्या नको नको म्हणत होता. शेजारची एक बाई घागर भरता भरता म्हणाली, "बसा की मामा, आमी बघतो थेंब पडतोय का. पर पाणी आमच्या नळाचं न्हाय घ्यायचं हां! गाड्या धुता व्हय पाण्याच्या दिवशी!" दुसरीनं तेलुगूत काही म्हटलं आणि सगळ्या हसल्या. राजय्याही हसला. त्याला हसताना मी फार थोड्या वेळा बघितलं आहे.

"पाणी माज्या नळाचं घे," तो मला म्हणाला. "आनि खाली घमेलं लाव."

पायातली चप्पल त्यानं बाहेर काढून ठेवली, देवळात शिरताना काढतात तशी, आणि सीटच्या कडेवर बसला. बापूसाहेबांनी काच वर केली, दार लावलं.

त्या वर्षीच तो लेकाकडं भिवंडीला गेला आणि तिकडंच वारला. मला महिन्यानं कळलं. म्हणून मी त्याला शेवटचा बघितला तो असा : मी त्याच्या घरचा पाइप धरून पाणी मारतोय, टपावर, काचेवर. आतलं धूसर दिसतंय, पांढरा सदरा तेवढा ठळक. बापूसाहेब काचेला तोंड लावून ओरडतायत, "अण्णा, वर बघा, वर! येतोय का थेंब?" पण तो वर बघत नाही. तो सीटवर आडवा वाकलाय, डोकं पार खाली नेलंय, आणि वात ठेवलेला कान त्यानं दाराच्या तळाला लावलाय. इकडं बाहेर माझ्या पायाशी मोरीतून धार लागलीय, घमेल्यात पडतेय. मी पाणी बंद केलं. धार बारीक झाली, तुटली, थेंब थेंब झाली. शेवटचा थेंब पडेपर्यंत त्यानं कान काढला नाही.